अनाबाईंचा बसलेला आवाज

अनाबाईंचं खरं नाव काय, हे बस स्टँडवरच्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. नोकरीला लागल्या तेव्हा त्या 'अनाउन्समेंटवाल्या बाई' होत्या. एवढं लांबलचक नाव दिवसातून वीसदा घ्यायचं म्हणजे जिभेला शिक्षाच. कंडक्टर मंडळींनी ते छाटत छाटत 'अनाबाई'वर आणलं आणि तेच चिकटलं. पुढे पुढे नवराही हौसेने तीच हाक मारायचा.

एकतीस वर्षं त्या स्टँडच्या मधोमध एका काचेच्या खोलीत बसल्या. समोर माईक, वही आणि खिडकीला एक फट, तिच्यातून कंट्रोलर चिठ्ठ्या आत सारायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, किती उशिरा. आवाज खणखणीत, पण कर्कश नव्हे. बाकावर पेंगणाऱ्याला जागं करील आणि शेजारच्या तान्ह्या बाळाला दचकवणार नाही, असा.

एका हिवाळ्यात सकाळी असं धुकं उतरलं की खोलीतून पहिला फलाटही दिसेना. एकही गाडी सुटली नाही. हजारभर माणसं सामानसुमानासह ताटकळत उभी, आणि प्रत्येकाचा पारा चढत चाललेला. कंट्रोलरने चिठ्ठी सारली, 'गाड्या लवकरच सुटतील असे सांगा.' अनाबाईंनी ती वाचली, घडी घालून वहीत ठेवली आणि माईक सुरू केला. "गाड्या कधी सुटतील ते मला ठाऊक नाही. इथे कुणालाच ठाऊक नाही. दर पंधरा मिनिटांनी जे कळेल ते सांगेन. काही कळलं नाही, तर तेही सांगेन." आणि चार तास त्या दर पंधरा मिनिटांनी सांगत राहिल्या, "अजून काही कळलेलं नाही." लोक वैतागले, बडबडले, पण कुणी काचेवर दगड मारला नाही. धुकं निवळल्यावर एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी वाकून म्हणाले, "बाई, चार तासांत एकदाही थाप मारली नाहीत!" कंट्रोलर मात्र आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींशी बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नवरा आधीच गेलेला. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सूनबाई शाळेत गणित शिकवायच्या. दिवसभर घरात आवाज तो काय फ्रिजचा. मग सूनबाईंनीच कुठूनसं शोधून काढलं की अंधांसाठी एक ग्रंथालय आहे, आणि तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला माणसं हवी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाचं कुलूप उघडायच्या आधी अनाबाई दारात हजर.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुन्या गाद्या भिंतींना ठोकून केलेली एक कोंदट कोठडी. टेबल, दिवा, माईक, पुस्तक टेकवायला लाकडी चौकट, आणि काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेले ग्रंथपाल. हा गृहस्थ तोंडापेक्षा भुवयांनी जास्त बोलायचा. एक भुवई वर गेली की वाक्य पुन्हा वाचायचं. दोन्ही गेल्या की पान पुन्हा. बारा वर्षांत अनाबाईंनी तिथे काय नाही वाचलं! कादंबऱ्या वाचल्या, सुतारकाम वाचलं, मधमाश्या पाळायचं पुस्तक वाचलं. रसायनशास्त्राची सूत्रं वाचताना तर आपले उरलेसुरले दात हलले, असं त्या सांगायच्या. पैसा एक मिळत नव्हता, पण बुडवलेला दिवसही एक नव्हता.

बहात्तराव्या वर्षी त्यांच्याकडे एक जाडजूड काम आलं. एका कार्यालयात टेलिफोन बोर्डावर बसणारी, जन्मापासून अंध असलेली चाळिशीची एक बाई बढतीच्या परीक्षेला बसणार होती. तिला नोकरीच्या नियमांचं साडेसहाशे पानी पुस्तक ऐकायचं होतं. ग्रंथालयात सगळे तिला 'बोर्डवाली' म्हणत. परीक्षा पाच महिन्यांवर होती. "होईल," अनाबाई म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हाच गाडं अडलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते पानांवरून. तीन तासांत तीस पानं व्हायची, ती बारावर आली. तिसऱ्या पानाला आवाज घोगरा व्हायचा, पाचव्याला पार बसायचा. दुपारी जेवण झालं की डोळ्यांवर झापड यायची. पाय असे गार पडायचे, की दोन-दोन मोजे चढवूनही ते आपलेच आहेत याची खात्री करून घ्यावी लागायची. ग्रंथपालांच्या दोन्ही भुवया आताशा वरच राहू लागल्या.

अनाबाईंची थोरली बहीण बसने तासाभराच्या अंतरावर एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर पडदे शिवण्याचा धंदा, आणि बोलणं कात्रीसारखं. अठरा वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली होती, आणि ऑपरेशन करून थायरॉइडची सबंध ग्रंथीच काढून टाकावी लागली होती. तेव्हापासून ती रोज सकाळी अनशापोटी एक गोळी घ्यायची. त्यामुळे थायरॉइड या विषयात आपला शब्द शेवटचा, अशी तिची समजूत होती.

"छोटे," ती फोनवर म्हणाली, कारण बहात्तराव्या वर्षीही अनाबाई तिला छोटीच होती, "तुझा थायरॉइड कामातून गेलाय."

"ताई, फोनवरून तपासलंस?"

"मला तपासावं लागत नाही. मी त्यातून गेलेय."

रक्त तपासलं. रिपोर्टवर टीएसएच सात पूर्णांक एक, आणि त्याच्यापुढे आकडा हद्दीबाहेर असल्याची खूण, एक ठळक चांदणी. त्या एका चांदणीने अख्खं घर हलवलं. अनाबाईंना चष्मा सापडेना, थायरॉइड. दुधाचं पातेलं गॅसवर विसरलं, थायरॉइड. टीव्हीवरची मालिका कंटाळवाणी वाटली, तर तेही थायरॉइडच. मुलगा एकदा लिफ्टच्या खोलीची किल्ली घरी विसरला आणि परत येऊन म्हणाला, "आई, मलापण आहे वाटतं." अनाबाई वरवर हसायच्या, पण मनातून त्यांना हायसं वाटलं होतं. दुखण्याला नाव मिळालं होतं. नाव आहे म्हणजे गोळी आहे, आणि गोळी आहे म्हणजे साडेसहाशे पानं होणार.

घरच्या डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. ती काम करते की नाही हे मेंदू पाहतो आणि तिला निरोप पाठवतो. हा सात पूर्णांक एक म्हणजे तो निरोप. जरा मोठ्याने येतोय. पण ग्रंथी जे रसायन बनवते ते पुरेसं आहे. ही खालची ओळ बघा, हिच्यापुढे चांदणी नाही."

"मग निरोप मोठ्याने कशाला?"

"वय वाढलं की बऱ्याच जणांचा हा आकडा थोडा वर सरकतो. पुष्कळदा आपोआप खालीही येतो. चांदणी मारणारं मशीन पंचविशीच्या आणि पंचाहत्तरीच्या माणसाला एकाच पट्टीने मोजतं."

"पण मी दमते हो. आवाज बसतो."

"दमता हे खरंच. पण ते ह्याच्यामुळेच, असं छातीठोक सांगता येत नाही मला. तुमच्या वयाच्या, एवढाच आकडा असलेल्या लोकांना गोळी देऊन पाहिलेलं आहे. त्यांची दमणूक काही फारशी हटली नाही. आणि गोळी जास्त झाली तर हृदय आणि हाडं, दोघांनाही त्रास. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा दहाच्या वर गेला किंवा खालची ओळ उतरली, तर गोळीचं बघू." मग त्यांनी आणखी काही तपासण्या लिहिल्या, आणि आवाजासाठी घशाच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

इतर तपासण्या ठीक निघाल्या. घशाची चिठ्ठी अनाबाईंच्या पर्समध्ये गेली आणि तिथेच पडून राहिली. आजार सापडलाय, मग घसा कशाला दाखवायचा? मन मात्र कुरकुरत होतं. हजारभर माणसांना चार तास धीराने थांबायला लावलेल्या अनाबाईंना स्वतःला काही तीन महिने थांबवेना. बोर्डवालीची परीक्षा त्यांची वाट बघणार नव्हती.

रविवारी थोरली आली ती शंभर गोळ्यांची बाटली घेऊनच. अर्ध्या गोळ्या तिने एका रिकाम्या डबीत ओतल्या. "रोज सकाळी अर्धी. पाण्याबरोबर. वर तासभर चहा नाही."

"ताई, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"ती पोर आहे. मी अठरा वर्षं खातेय, मेले का?"

अनाबाईंनी डबी घेतली, आणि घरात कुणाला सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट त्यांच्या स्वभावाला धरून नव्हती, आणि त्यांना ते कळतही होतं.

पहिल्या आठवड्यात तर काय विचारता! अंगात वारं शिरल्यासारखं झालं. सगळी कपाटं आवरली, पडदे धुतले, एका बैठकीत वीस पानं वाचली. गोळीचा गुण इतक्या लवकर येत नसतो, हे त्यांना पुढे कळलं. तेव्हा मात्र वाटलं, अर्धीने एवढं, तर अख्खीने किती! तिसऱ्या आठवड्यापासून अख्खी सुरू झाली.

सहाव्या आठवड्यात झोप उडाली होती. जिना चढताना छातीत धडधड व्हायची, आणि ती वर पोचल्यावरही थांबायची नाही. अशातच एका सकाळी त्या रजेच्या नियमांचं प्रकरण वाचत होत्या. ग्रंथपालांनी मध्येच हात वर केला, मशीन थांबवलं, आत आले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले.

अनाबाईंनी स्वतःला ऐकलं. वाक्याच्या अधेमधे श्वास तुटत होता. आणि आवाजाच्या मागे सतत एक सळसळ.

"पंखा लागलाय का?" त्यांनी विचारलं.

"पंखा बंद आहे," ग्रंथपाल म्हणाले. "तुमच्या हातातलं पान आहे ते."

त्यांनी पानाचा कोपरा धरलेल्या बोटांकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. त्या उठल्या, स्वेटर चढवला आणि म्हणाल्या, "आज माझी चार पानं पुसून टाका. मी दवाखान्यात जाऊन येते." घरी गेल्या नाहीत, मुलाला फोन केला नाही. तडक दवाखाना गाठला, नंबर लावला, आणि आत जाऊन खुर्चीत बसायच्या आधी डबी टेबलावर ठेवली.

"ह्या मी सहा आठवडे घेतेय. आधी अर्धी, मग अख्खी. बहिणीच्या आहेत. दिल्या तिने, पण गिळल्या मी. तिला दोष नको."

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. एकशे सोळा, आणि मध्येच चुकणारी. हृदयाचा आलेख काढला, तो निरखून पाहिला. थोडे जास्तीचे ठोके होते, त्याहून वाईट काही नव्हतं. गोळी आजपासून बंद, आठवड्याने पुन्हा आलेख, आणि धडधड वाढली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर कुणाचीही वाट न बघता मोठ्या दवाखान्यात.

"रागवा की," अनाबाई म्हणाल्या.

"कशाला रागवू? डबी टेबलावर ठेवणारा पेशंट वर्षातून एखादा भेटतो. बाकीचे सगळे मला ओळखायला लावतात." मग त्यांना एकदम आठवलं. "आणि बहिणीचं काय? त्यांना पुरल्या का गोळ्या?"

हा प्रश्न अनाबाईंच्या डोक्यातही आला नव्हता. संध्याकाळी त्यांनी थोरलीला फोन लावला. "हं... बोल... छोटे," पलीकडून आवाज आला. कात्रीसारखं बोलणारी ती बाई. आता शब्द जड झाले होते, दोन शब्दांत भलताच वेळ जात होता, आवाज खोल आणि घोगरा. अख्खी हयात आवाजात गेलेल्या अनाबाईंना आणखी काही विचारायची गरज उरली नाही. "सकाळी येते," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळच्या पहिल्या गाडीने, मुलाला बरोबर घेऊन, त्या निघाल्या. थोरलीने दार उघडलं. घरातच अंगावर जाड कोट, पापण्या सुजलेल्या, चेहरा पिठूळ. शिलाई मशीनवर एक पडदा अर्धवट लोंबत होता, त्यावर धूळ साचली होती.

"ताई, गोळी रोज घेतेस?"

"एक दिवसाआड. पुरवतेय." थोरली खुर्चीत हळूच टेकली. "केमिस्ट चिठ्ठीशिवाय देईना. चिठ्ठी मागायला जावं, तर डॉक्टर विचारणार, बाई, शंभर गोळ्या गेल्या कुठे? काय सांगू, बहिणीला खाऊ म्हणून दिल्या?"

मुलाला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"अगं, माझ्या गळ्यात ग्रंथी आहे, ती म्हातारी असली तरी चालतेय," अनाबाई म्हणाल्या. "तुझ्या गळ्यात नाहीच आहे. ती गोळी म्हणजेच तुझी ग्रंथी. ती तू मला अर्धी वाटून दिलीस?"

थोरली म्हणाली, "तू दमतेस म्हणालीस ना."

अनाबाईंनी पर्समधून उरलेल्या गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या, चहाचं पाणी ठेवायचं सोडून तिची चप्पल शोधली, आणि तासाभरात तिला तिच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. तिथेही त्यांनी सगळं सांगितलं, काही एक झाकलं नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी पूर्ववत रोजची केली आणि दोघींना एकत्रच झापलं. थोरलीला महिनाभर एकटं ठेवायचं नाही असं ठरलं आणि ती धाकटीकडे राहायला आली.

अनाबाईंची धडधड तीन आठवड्यांत निवली. पर्समधली घशाची चिठ्ठी त्यांनी स्वतःच शोधून काढली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतू वयाने पातळ झाले आहेत, नीट जुळत नाहीत, म्हणून हवा निसटते. त्यात कोंदट खोलीत तीन तास पाण्याशिवाय वाचायचं! मग आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला आणि एक स्ट्रॉ दिली. स्ट्रॉ पाण्यात बुडवायची आणि तिच्यातून 'ऊऽऽ' असा सूर काढत बुडबुडे काढायचे. दिवसातून चारदा. सुनेने पहिल्या दिवशी ती बुडबुड ऐकली आणि बाथरूमचा पाइप तुंबलाय असं समजून प्लंबरला फोन केला.

आवाज परतला, पण पूर्वीचा खणखणीत नाही. दर वीस मिनिटांनी थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा वाचायचं. वेग निम्म्यावर आला. अनाबाईंना त्याची लाज वाटायची. शेवटी त्यांनी बोर्डवालीला ग्रंथालयात गाठून सरळ विचारलं, "खरं सांगा. ऐकवतं का हे?"

"खरं सांगू?" बोर्डवाली म्हणाली. "पहिली दोनशे पानं तुम्ही गाड्या सोडल्यासारखी वाचलीत. अमुक कलम तमुक फलाटावर. मला धावत पकडावं लागायचं. आता कळतंय."

पुस्तक परीक्षेच्या नऊ दिवस आधी संपलं. बोर्डवालीला बढती मिळाली, आणि आता तिच्या हाताखाली दोन माणसं आहेत.

गोळी सोडून दोन महिने झाल्यावर अनाबाईंचं रक्त पुन्हा तपासलं. सहा पूर्णांक तीन. चांदणी तशीच. पुढच्या वर्षी पाच पूर्णांक आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षातून एकदा बघत राहू. दुपारची झापड थोडी कमी झाली, थोडी राहिली, तिला आता अनाबाई अर्धा तास देऊन टाकतात. पाय गारच आहेत. का, ते नक्की कुणालाच सांगता आलं नाही, आणि त्यांनीही मग मोज्यांचा तिसरा जोड घेऊन तो विषय मिटवला.

थोरली महिन्यात पुन्हा कात्रीसारखी बोलू लागली. धाकटीकडे बसून कंटाळली, तेव्हा एक दिवस तिच्यामागोमाग ग्रंथालयात आली आणि काचेपलीकडे ग्रंथपालांशेजारी बसली. इतिहासाचं एक पुस्तक चाललं होतं, पानागणिक तळटीपा. ऐकणाऱ्यांची जुनी तक्रार होती की मजकूर कुठे संपला आणि तळटीप कुठे सुरू झाली ते समजत नाही. थोरलीने दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, मग दुसरा आवाज लावा की. अस्तराला वेगळं कापड लावतात तसं." ग्रंथपालांची एक भुवई वर गेली, मग दुसरी. मग त्यांनी आत जाऊन दुसरी खुर्ची ठेवली.

आता दर गुरुवारी थोरली बसने येते. मजकूर अनाबाई वाचतात, तळटीपा थोरली. ऐकणाऱ्यांनी कळवलं आहे की सगळं अगदी स्पष्ट समजतं, फक्त तळटीपा ऐकताना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं.